समजावण्यासारखी मुलं

परीक्षा गैरप्रकार समितीचं अध्यक्षपद मॅडमनी कधी मागितलं नव्हतं. आधीचे अध्यक्ष आजारी पडले, कुलसचिव म्हणाले, "तात्पुरतं बघा जरा," आणि ते तात्पुरतं काम त्यांच्या गळ्यातच पडलं. रसायनशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कुणी कुणाचं ढापलं ते बघायचं. निवृत्ती आता फार लांब नव्हती. हल्ली तर समोरच्या मुलाने तोंड उघडण्याआधीच त्यांना पुढचं वाक्य ऐकू यायचं. आई आजारी होती. कॉम्प्युटर बंद पडला. मित्राने परस्पर उचललं.

त्या वर्षी कुलसचिवांना अहवाल हवा होता. कॉपीची प्रकरणं वाढली अशी ओरड झाली होती आणि वरून विचारणा आली होती.

"एकदा चुकतो तो पोरकटपणा, ते मी समजू शकतो," कुलसचिव म्हणाले. "पण शिक्षा होऊनही पुन्हा तेच करणारे कोण? कुठून येतात, घरी काय परिस्थिती, शाळा कोणत्या भाषेतली? ते एकदा कळलं की बंदोबस्त करता येईल."

हिशेबाचं काम आकडेबहाद्दरकडे गेलं. हा संख्याशास्त्राचा तरुण प्राध्यापक, एके काळचा मॅडमचाच विद्यार्थी. हे नाव त्याला पोरांनी ठेवलं होतं आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. त्याने मागच्या काही वर्षांची प्रकरणं उपसली आणि एका दुपारी मॅडमच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला.

"चित्र अगदी स्पष्ट आहे मॅडम. एकदा सापडलेल्यांत बाहेरगावची, दुसऱ्या भाषेत शिकलेली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं जरा जास्त आहेत. आणि पुन्हा पुन्हा सापडलेल्यांत बघितलं, तर जवळजवळ सगळी तशीच."

"जवळजवळ सगळी?"

"इतकं सरळ उत्तर आकडे सहसा देत नाहीत," तो म्हणाला, आणि डोकं खाजवलं. "म्हणूनच मला थोडं खटकतंय. पण काय खटकतंय ते सांगता येत नाही."

कुलसचिवांना काही खटकलं नाही. अशा मुलांकडून प्रवेशाच्या वेळीच हमीपत्र लिहून घ्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात एका मुलीची सुनावणी होती. गुन्हा दुसऱ्यांदा, म्हणजे नियमाप्रमाणे वर्षभर विद्यापीठाबाहेर. मुलगी खूप लांबच्या भागातली, शाळा दुसऱ्याच भाषेत झालेली. बोलायची ती शब्द चाचपत, अंधारात जिना उतरावा तशी. सगळ्या शाखांना सक्तीचा असलेल्या पर्यावरणाच्या पेपरात तिने दोन वेळा निबंध उतरवून दिला होता. पहिल्या वेळी पुस्तकातून, या वेळी कुठल्याशा संकेतस्थळावरून.

"पहिल्या वेळी तुला समज दिली होती ना?" मॅडमनी विचारलं.

"हो. सही घेतली."

"मग हे चुकीचं आहे हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं," मुलगी म्हणाली. मॅडम थोड्या सावरून बसल्या. हे उत्तर त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"तरी केलंस?"

"मधे एक निबंध माझा मी लिहिला होता. माझ्या शब्दांत. त्यात नापास केलं. भाषा चुकली म्हणून. मग..." तिने हात जरासा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "माझ्या शब्दांत नापास. दुसऱ्याच्या शब्दांत चोर. तिसरे शब्द कुठून आणू?"

समितीच्या नोंदी घेऊन शेजारी बसलेला आकडेबहाद्दर खिडकीबाहेर बघू लागला. मॅडमनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. दया आली म्हणून नव्हे, त्या दिवशी त्यांच्यात काही ठरवण्याचं त्राणच उरलं नव्हतं.

रविवारी मॅडम धाकट्या बहिणीकडे जेवायला गेल्या. बहिणीचा मुलगा त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगला होता. उंच, बडबड्या, कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारा. मावशीवर त्याचा फार जीव. पानं वाढून झाली तशी त्याने नेहमीप्रमाणे त्यांना छेडायला सुरुवात केली.

"काय मावशी, या आठवड्यात किती चोर पकडले?"

"जेव गुपचूप."

"आमचे पर्यावरणाचे सर बघ, किती भला माणूस! मी नेटवरून असाइनमेंट उचलली, तर केबिनमध्ये बोलावून नुसते कान उपटले. परत लिहून आण म्हणाले. दिलं लिहून. पुढच्या टर्मला परत घाई झाली, परत तेच. परत कान उपटले." तो हसला. "तू असतीस तर फासावर दिलं असतंस."

बहीण हसत म्हणाली, "आळशी आहे मेला नुसता."

मॅडमचा घास हातातच राहिला. "दोन वेळा?"

"अगं, बारीकसारीक गं मावशी. सगळेच करतात."

त्यांनी जेवण संपवलं, भांडी आवरायला बहिणीला मदत केली, आणि डोकं दुखतंय सांगून लवकर निघाल्या. डोकं खरोखरच दुखत होतं.

सोमवारी त्यांनी पर्यावरणाच्या सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. हे सर म्हणजे सरळ, कामाने पिचलेला माणूस. टेबलावर तपासायच्या पेपरांचा डोंगर.

"तो तुमचा भाचा?" त्यांना खरंच धक्का बसला. "देवाशपथ, मला माहीत नव्हतं मॅडम! ओळखीने सोडलं असं कृपा करून समजू नका."

"नाही समजत. पण मग का सोडलंत?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सोडलं असं नाही. तो आत आला, खुर्ची ओढून बसला, सॉरी म्हणाला. मी चार गोष्टी सुनावल्या, त्याने ऐकून घेतल्या. समजावण्यासारखा मुलगा वाटला. समितीकडे पाठवायचं म्हणजे केवढी कटकट, तुम्हालाच ठाऊक."

"आणि ती मुलगी?"

"ती दाराशीच उभी राहिली. काही विचारलं की मान खाली. मला वाटलं, लपवतेय. तिच्याशी बोलायचं तरी कसं? म्हटलं, समिती बघून घेईल." बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं.

मॅडमनी मग चहाच्या वेळी इतरांनाही सहज विचारल्यासारखं विचारलं. जवळपास प्रत्येकाने अशी दोन-चार मुलं आपल्या पातळीवर मिटवली होती. मुलं कशी होती म्हटलं, तर चांगल्या घरची, बोलकी, ऐकून घेणारी. नावं कुणाला धड आठवत नव्हती.

"आता कळलं काय खटकत होतं ते," मॅडमकडून हे ऐकल्यावर आकडेबहाद्दर म्हणाला. "पुन्हा कोण करतं ते आपण मोजलंच नाही. शिक्षकांना कुणाशी बोलता आलं नाही, ते मोजलं."

पुढच्या बैठकीत मॅडमनी हे सगळं मांडलं. भाच्याचं उदाहरणही दिलं, आपला भाचा म्हणूनच दिलं. एकाने घसा खाकरला.

"तोंडी समज दिली तर तिची नोंद कशी होणार?" कुलसचिव म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी."

"सर, तुम्ही सांगा," कुलसचिव बैठकीला बोलावलेल्या सरांकडे वळले. "असं झालं होतं?"

पर्यावरणाचे सर मॅडमकडे बघत नव्हते. "काहीतरी झालं होतं. एकदा की दोनदा, ते आता नक्की नाही आठवत. मुलगा गुणी आहे."

मॅडम त्यांच्याशी भांडल्या नाहीत. त्या माणसाला उद्या याच लोकांत बसून चहा प्यायचा होता, आणि त्यांनाही. एवढं मात्र झालं की मुलीची शिक्षा वर्षाची अर्ध्या वर्षावर आली. त्यासाठी त्या दुपारभर बोलल्या, घसा बसला, आणि शेवटी त्याच शिक्षेवर त्यांनीच सही केली. अहवालात तक्ते जसेच्या तसे गेले. त्यांचं म्हणणं शेवटच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात. हमीपत्र पुढच्या प्रवेशापासून सुरू झालं.

मुलगी निरोप घ्यायला आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "वर्गात बसायला मनाई आहे, माझ्या खोलीत यायला नाही. दुपारी येत जा. मी लिहायला शिकवते."

"हॉस्टेल सोडायला सांगितलंय, मॅडम. राहू कुठे?"

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं शिक्षा सुनावताना एकदाही आलं नव्हतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन. बैठकीतली गोष्ट तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नव्हता.

"घरात जेवताना बोललेलं तू बाहेर नेलंस, ताई."

"अगं, ऐक तरी..."

"पोराने विश्वासाने सांगितलं तुला. उद्या त्याचं नाव खराब झालं असतं तर?"

"झालं नाही ना काही त्याचं," मॅडम म्हणाल्या. "तेच तर दुखतंय मला."

बहिणीने फोन ठेवला. नंतर बरेच महिने केला नाही.

भाचा मात्र आला. नेहमीसारखा आत घुसून फ्रिज उघडला नाही. सोफ्याच्या कडेला टेकून बसला.

"मावशी, खरं सांग. त्या मुलीने केलं आणि मी केलं, ते एकच होतं?"

"एकच."

"मग मला कुणी तसं सांगितलं का नाही? सर हसत होते. मला वाटलं, ओरडल्यासारखं करायचं असतं म्हणून ओरडतायत."

तो चिडेल अशी मॅडमनी मनाची तयारी केली होती, याची नव्हती. "मी सांगतेय ना आता," त्या शेवटी म्हणाल्या.

"आता सांगून काय," तो पुटपुटला, आणि चहा न घेताच गेला.

मुलगी सहा महिन्यांनी परत आली. शिक्षा झालेली सगळीच मुलं परत येत नाहीत, त्यामुळे व्हरांड्यात ती दिसली तेव्हा मॅडम थबकल्या. आठवड्यातून एकदा ती त्यांच्याकडे लिहायला बसू लागली. प्रगती फारशी नव्हती. वाक्यं लंगडायची, मॅडमचा संयम सुटायचा, मुलगी गप्प व्हायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची.

पुढे मॅडमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि दोघी बहिणींना हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसावं लागलं. बराच वेळ औषधांचंच बोलणं झालं.

"या टर्मला सगळं स्वतः लिहितोय तो," बहीण एकदम म्हणाली. "एका विषयात नापास झाला."

"हं."

"तुला बरं वाटलं असेल."

"नाही गं," मॅडम म्हणाल्या. "कशाने बरं वाटेल?"

बहिणीने त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि न विचारता त्यांच्या हातात दिला. आतून नर्सने आईचं नाव पुकारलं, तशा दोघी उठल्या.