चुलीखालची चूल

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. रंगाऱ्याचा नव्हे, माती झाडणारा. माझे केस आता मोजकेच उरले आहेत. टकलावर हवे तर हसून घ्या, पण मग नीट ऐका.

कारखान्यातून मी थेट एका उत्खननावर आलो. हजारो वर्षांपूर्वी तिथे एक राजधानी होती. मुकादमाने मला उचलले आणि पुन्हा कुणाच्या हाती दिले नाही. कुदळ थांबली की माझी पाळी यायची. आम्ही रस्ते, पायऱ्या, मणी घडवणाऱ्यांची अख्खी गल्ली उघडी केली. मोठमोठे साहेब तोंडभरून कौतुक करत आणि मी फुशारत असे.

मग राजवाड्याची भिंत सापडली. ती सरळ मुकादमाच्या घराखाली जात होती. तो दोन हात अलीकडे थांबला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्याने स्वतःच साहेबांना बोलावून दाखवले.

घर पाडले. त्याच्या बायकोची चूल होती, बरोबर तिच्याखाली विटांची प्राचीन चूल निघाली. आत राख तशीच होती. बायको काठावर उभी राहून बघत होती.

"तुम्ही गप्प का नाही बसलात?" तिने विचारले.

"साहेबांनी लिहिलं असतं, भिंत इथंच संपली," तो म्हणाला. "ती संपली नव्हती गं."

साहेबांनी शब्द दिला होता की वर छप्पर घालू, मुले बघायला येतील. त्याच वर्षी काम बंद पडले. साहेब गेले ते गेलेच. लोक खड्ड्यात कचरा टाकू लागले. मुकादम भाड्याच्या खोलीतून रोज सकाळी येई आणि ती चूल झाडून जाई. माझे केस तिथेच झडले. पुढे तो अंथरुणाला खिळला, तरी मी त्याच्या उशाशीच होतो. एके दिवशी तो गेला. मला रडताही येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

काही दिवसांनी बायको मला घेऊन पहिल्यांदाच त्या खड्ड्यात उतरली. तिने कचरा बाजूला सारला. चूल नव्हती. विटा कुणीतरी उचलून नेल्या होत्या. उरला होता फक्त काळा डाग.

"घर दिलं होतं हो आम्ही हिच्यासाठी," ती म्हणाली. ऐकायला तिथे माझ्याशिवाय कुणीच नव्हते. मग ती खाली बसली आणि तो डागच झाडू लागली.

मित्रांनो, जुन्या नगरीत गेलात, तर एखादी वीट उचलण्याआधी क्षणभर थांबा. तिच्यासाठी कुणीतरी आपले घर दिलेले असेल.