रक्ताचा उतारा

आतड्यातली गाठ काढून नानासो सांगलीहून कराडकडच्या आपल्या गावी परतले, तेव्हा गावानं त्यांना निम्मं गेलेलं धरलं होतं. उरलेल्या निम्म्याला भेटायला माणसं येत आणि चहा पिऊन जात.

सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "अशी गाठ रक्तात एक प्रथिन सोडते. गाठ काढल्यावरही ते रक्तात सापडलं, तर दुखणं कुठंतरी पसरलंय असा संशय घ्यायचा. नवी तपासणी आहे, मुंबईत होते. महिन्यानं या."

यातलं नानासोंनी एकच घरी आणलं. प्रथिन. गावातल्या शाळामास्तरांनी त्याचा अर्थ अंडी, दूध, शेंगदाणे असा सांगितला. रंगुबाईंनी नवऱ्याला महिनाभर इतकी अंडी चारली, की आळीतल्या कोंबड्या त्यांना बघून वाट सोडू लागल्या.

महिन्यानं दोघं सांगलीला गेली. रक्त बर्फातून मुंबईला जायचं होतं आणि दवाखान्याचं भांडं नेमकं फुटलेलं. बांगलादेशाच्या लढाईवरून परतलेल्या त्यांच्या पोरानं आणलेला थर्मास रंगुबाईंच्या पिशवीत होता. डॉक्टरांनी त्यातला चहा मोरीत ओतला, बर्फ भरला, आत नळी ठेवली. नानासोंनी जन्मात मुंबई बघितली नव्हती. त्यांचं रक्त तेवढं आगगाडीनं जाऊन आलं.

निकालाच्या दिवशी धुतलेला थर्मास टेबलावर होता. डॉक्टर हसत म्हणाले, "नानासो, प्रथिन अगदी कमी आलंय!"

नानासो साखर कारखान्याचे सभासद. उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा कमी आला की चेअरमनसुद्धा तोंड लपवतो, आणि हा माणूस हसतोय.

"कमी?" रंगुबाई उसळल्या. "आवं डॉक्टर, म्हयनाभर अंडी घातली ह्यास्नी! कुठं गेली ती?"

"अंगाला लागली."

"मग जास्त कवा यायचं?" नानासोंनी धीर करून विचारलं.

"कधीच येऊ नये. हे गाठीचं प्रथिन, अंड्याचं नव्हे. कमी आहे म्हणजे दुखणं पसरल्याची खूण आज तरी नाही. पुरता भरवसा कुणीच देणार नाही. दर तीन महिन्यांनी बघत राहू."

नानासोंनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता, तरी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं.

"उतारा कमी पडला म्हून आनंद करायचा," ते म्हणाले, "आसलं पीक पयल्यांदाच बघतुया."

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा थर्मासात चहा होता.

"हा तोच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्योच. गावात ह्यातला च्या कुणी घेत न्हाई. भेटायला येणारीबी थांबली. लय उपकार झालं बगा." नानासोंनी थर्मासाचं झाकण फिरवलं. "माझा जीव ह्यातनं जाऊन आला, डॉक्टरसाहेब. तुमास्नी च्या दुसऱ्या कशातनं आणू?"

डॉक्टरांनी थर्मासाकडं बघितलं, नानासोंकडं बघितलं आणि कप पुढं केला.

"साखर?"

"आमच्या कारखान्याची. भरपूर हाय."

दोघांनी थर्मास रिकामा केला. मग नानासोंनी तो बर्फासाठी डॉक्टरांच्या हातात दिला आणि बाही वर सारली.