राबाच्या धुराने वाचवलेला मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे; पालखीतल्या देवाचा नव्हे, सोंगाड्याचाही नव्हे. माझ्यासारख्या जाळीदार प्लॅस्टिकने आपली कथा सांगावी की नाही, याचा मला अजून संकोच वाटतो. पण तो बुधवार आठवला की गप्प राहवत नाही!

माझा जन्म पुण्यातल्या एका कर्करोग रुग्णालयात झाला. आधी मी नुसता सपाट, पांढरा तुकडा होतो. गरम पाण्यात घालताच मळलेल्या पिठासारखा मऊ झालो आणि तसाच मला एका माणसाच्या चेहऱ्यावर नि मानेवर ओढून बसवले. तो होता मुळशीतल्या माले गावचा शेतकरी, विश्राम. थोड्याच मिनिटांत मी घट्ट झालो आणि त्याचे बसके नाक, रुंद कपाळ माझे झाले. मला चेहरा मिळाला होता!

कर्करोगावर किरणे देताना मान तसूभरही हलू नये, म्हणून मला टेबलाला अडकवतात. तसे अडकवताच विश्राम ओरडला, "काढा हे! गाठ गेली न्हवं? मंग ह्यो शेक कशापायी?"

त्याच्या मानेत लिम्फोमाची, म्हणजे रसग्रंथींच्या कर्करोगाची, मोठी गाठ होती. सहा वेळा किमो घेतल्यावर ती दिसेनाशी झाली होती.

डॉक्टर गौतमी म्हणाल्या, "काका, किमोचं औषध रक्तातून अंगभर फिरलं. पण गाठ मोठी होती तिथं चार चिवट पेशी उरल्या असतील, तर त्या तपासणीतही दिसत नाहीत. म्हणून तेवढ्याच जागेवर किरणं द्यायची. नाही दिली, तर आजार तिथूनच पुन्हा डोकं वर काढायची भीती आहे."

"जे दिसतच न्हाई, त्याला काय भ्यायचं?"

"बिबट्या तरी कुटं दिसतो?" त्याची बायको रत्नाबाई म्हणाली. "तरी रानात काठी घेऊनच जाता न्हवं?"

"तू गप गं," म्हणत विश्राम निघून गेला.

मी फळीवर राहिलो. माझ्या कपाळावर त्याचे नाव लिहिलेले होते. सोमवारी त्याची किरणे घेण्याची पहिली पाळी होती. शेजारचे मुखवटे गेले, आले. माझा माणूस आला नाही. मंगळवारीही नाही. फोन लागेना. मी मनात म्हणत होतो, मी वाया गेलो तरी चालेल, पण ही मान वाया जाऊ नये.

बुधवारी दार उघडले आणि आत धुराचा वास आला. विश्राम! नखांत राख, शर्टावर काजळी.

"काका, होतात कुठे?" डॉक्टर गौतमींनी विचारले.

"राब भाजत व्हतो."

मित्रांनो, भाताची रोपे जिथे करायची, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा पसरून पेटवतात. त्यालाच राब भाजणे म्हणतात.

"काडी लावली अन् हातच थांबला, मॅडम," विश्राम भरभर बोलू लागला. "समदं रान नांगरलेलं, तणाची एक काडी दिसत न्हवती. तरी मी भाजतच व्हतो! का? तर तणाचं बी मातीत लपून ऱ्हातं. अन् समदं रान कुटं भाजतो? राबाची जागा तेवढीच! तसंच माज्या मानेचं!"

"अहो, हेच तर मी अर्धा तास सांगत होते!"

"तुमी शाळेतलं सांगितलं," त्याच्या मागोमाग आलेली रत्नाबाई हसली. "ह्यांना शेतातलंच कळतं."

मग पंधरा वेळा मी त्याची मान धरून ठेवली. यंत्र गुणगुणत फिरायचे. त्याची कातडी लाल झाली, घसा दुखला, घास उतरेना. पण एकही पाळी चुकली नाही. शेवटच्या दिवशी त्याने मला काखेत मारले आणि थेट माले गाठले!

"बुजगावण्याला लावा, पाखरं फिरकायची न्हाईत," रत्नाबाई म्हणाली. पण त्याने मला शेतातल्या खोपटात, सावलीत, खुंटीला टांगले.

आज दोन वर्षे झाली. तपासण्या चांगल्या येत आहेत. प्रत्येकालाच किमोनंतर किरणे लागतात असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्यांनी सांगितले असेल, तर गाठ दिसत नाही म्हणून अर्ध्यावर उठू नका. आणि घरातले कुणी असे उठून गेले, तर त्याला हाताला धरून परत आणा.

कालच राब पेटवण्याआधी विश्रामने मला खुंटीवरून उतरवून लांब नेऊन ठेवले.

"अवो, त्याला कशाला हलवता?"

"आच लागली तर मऊ पडंल गं. माजं नाक हाय त्यात!"

मग त्याने राबाभोवतीच्या मोकळ्या, तणाचे पातेही न दिसणाऱ्या मातीकडे पाहिले आणि काडी ओढली.