काळोखाच्या सुनेचं दुसरं पर्व

अकोल्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीनं धर्मपाल वानखडे यांच्याकडे लेख मागितला. आयुष्यात पहिल्यांदाच असं घडलं, आणि तिथून त्यांची झोप उडाली. विषय तसा सोपा होता. 'काळोखाची सून' या भुताटकीच्या मालिकेचं दुसरं पर्व पहिल्यापेक्षा सरस का ठरलं? सातशे शब्द, गुरुवारपर्यंत.

"तुम्ही त्या मालिकेचे भाषा सल्लागार," पुरवणीचे संपादक खुशालराव फोनवर म्हणाले होते. "तुम्हाला नाही माहीत तर कोणाला?"

हीच तर अडचण होती. धर्मपालांना माहीत होतं.

पहिलं पर्व ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं काही बुडालं नाही. गोष्ट म्हणे वऱ्हाडातली होती. देशमुखांच्या विहिरीत ढकललेली सून भूत होऊन घराण्याचा सूड घेते. पण देशमुखांच्या मळ्यामागे नारळाची झाडं डुलत असत, आणि भर वैशाखात नदी दुथडी भरून वाहत असे. भुतं चांगली बाळसेदार होती. तोंडाला फासलेली पांढरी पावडर गळ्यापाशी संपायची आणि तिथून त्यांचा मूळचा गुलाबी रंग सुरू व्हायचा. मालक पुण्यात वाढल्यासारखे बोलत, गडी तेवढा वऱ्हाडी बोले. आणि त्यानं तोंड उघडलं की मागे टुंग करून एक वाद्य वाजे, म्हणजे प्रेक्षकांनी आता हसावं. एका भागात तो गडी एकवीस वेळा 'बाप्पा' म्हणाला होता. धर्मपालांनी मोजलं होतं. भारनियमनामुळे त्यांच्या गावी, नांदगाव खंडेश्वरात, आठवड्याचे दोन भाग तरी बुडायचे. त्या वर्षी वीज गेल्याचं समाधान गावाला मिळालं ते तेवढंच.

धर्मपाल अमरावतीला ग्रंथपाल होते. मागेल त्याला पुस्तक द्यायचं आणि बोलेल त्याला शांतता राखा ही पाटी दाखवायची, यात बत्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्याकडे वऱ्हाडी शब्दांच्या अकरा वह्या होत्या, आणि त्या कोणाला दाखवण्याच्या लायकीच्या नाहीत अशी पक्की खात्रीही होती. त्या गड्याच्या बोलण्यानं मात्र त्यांना राहवेना. त्यांनी वाहिनीला सतरा पानांचं पत्र लिहिलं. त्यातली पहिली दीड पानं पत्र लिहिल्याबद्दल क्षमा मागण्यात गेली.

उत्तर येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. उत्तर आलं ते थेट जीपमधून. दुसऱ्या पर्वाचा दिग्दर्शक अनुप दारात उभा होता. वय तिशीचं, डोळ्यांवरचा काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला.

"काका, तुमचं पत्र आम्ही मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. इतके हसलो! म्हणजे, आवडलं."

दुसरं पर्व इथेच, गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगमध्ये चित्रित करायचं ठरलं होतं. कापसाचा तो कारखाना सहा वर्षांपासून बंद होता. पत्र्यांना भोकं पडली होती, आणि भोकांतून उन्हाच्या काठ्या उतरायच्या. अनुप म्हणाला, एवढा सेट उभारायला आम्हाला महिना लागला असता. भुतं म्हणून उभी राहायला तीसेक माणसं हवी होती. दिवसाची मजुरी मिळेल आणि दुपारचं जेवण. माणसं धर्मपालांनी आणायची, आणि भाषा सल्लागार म्हणून भुतांचे संवादही त्यांनीच लिहायचे.

धर्मपालांनी तेव्हा जन्मातली सगळ्यात मोठी मागणी केली.

"आमच्या माणसांचं हसू तर होणार नाही ना?"

"हसू? काका, लोक टरकतील!"

या शब्दावर ते वस्तीत दारोदार फिरले. त्या साली कपाशीवर लाल्या रोग पडला होता, वेचणीला काम नव्हतं, त्यामुळे माणसं तयारच होती. पण टोमणे मारल्याशिवाय कोणी आलं नाही.

"धर्मपालभाऊ, जलमभर सांगत आले का भुतं नसतात म्हनून," माणिकबाई म्हणाली. "अन आता आमालेच भूत करून राहिले?"

माणिकबाई साठीची, जन्मभर लोकांच्या वावरात राबलेली, जिभेला धार असलेली बाई. धर्मपाल नुसते म्हणाले, "हसू होणार नाही. माझा शब्द."

दुसऱ्या पर्वात सुधारणा व्हायला सुरुवात झाली ती चित्रीकरणाच्या पहिल्याच सकाळी, साडेनऊच्या सुमारास. वेशभूषावाल्या मॅडमनी मुंबईहून दोन पेट्या भरून लुगडी आणली होती. ब्लेडनं ठिकठिकाणी फाडलेली, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली. टाके घालायला गावातला उस्मान टेलर मशीन घेऊन हजर होता. त्यानं एक लुगडं बोटांत धरून पाहिलं.

"मॅडम, इतना पुराना करने में कितना टाइम लगा?"

"पंधरा दिवस."

उस्माननं बाहेर उभ्या असलेल्या रांगेकडे बोट दाखवलं. "उधर बने-बनाए खडे हैं."

मॅडम बाहेर गेल्या, रांग पाहून आल्या आणि त्यांनी पेट्यांना कुलपं लावली. मग रंगभूषाकार उठला. त्यानं तीस चेहरे पाहिले, हातातला पफ खाली ठेवला आणि चहा मागवला.

धर्मपाल तिथेच चार हातांवर, भुतांच्या संवादांची फाइल छातीशी धरून उभे होते. तीन महिने खपून त्यांनी चाळीस पानं लिहिली होती. एकाही पानावर 'बाप्पा' नव्हतं. अनुप सहायकाला सांगत होता ते त्यांनी स्पष्ट ऐकलं.

"मेकअप वाचला. नुसतं उभं करा. बोलायला लावू नका, अ‍ॅक्टिंग करतील आणि सगळं बिघडवतील. आणि हो, यांचं जेवण शॉटनंतर. आधी जेवले तर चेहऱ्यावर तरतरी येईल."

धर्मपालांनी फाइल पिशवीत घातली.

बाराचा शॉट अडीचला लागला. मधल्या वेळात नायक पंख्याच्या तंबूत जेवला. तंबूची एक बाजू वाऱ्यासाठी उघडी होती. मग तो बॅटरी घेऊन जिनिंगमध्ये शिरला. समोर उन्हाच्या काठ्यांमध्ये तीस माणसं उभी. नायकानं विचारायचं, "कोण आहात तुम्ही? काय हवंय तुम्हाला?" आणि भुतांनी बघत राहायचं.

नायकानं विचारलं. पुढच्या रांगेतल्या माणिकबाईनं मान जरा कलती केली आणि फार मऊ आवाजात म्हटलं,

"जेवला काय रे बापू?"

नायकाच्या हातातली बॅटरी पडली. तो दोन पावलं मागे सरला, त्याचं तोंड उघडं राहिलं, पुढचं वाक्य काही केल्या त्याला आठवेना. धर्मपालांना वाटलं, आता माणिकबाईला हाकलतात. पण अनुपनं कॅमेरामनला मिठी मारली.

"काटा आला! काय लाइन आहे! काका, तुम्ही लिहिली?"

धर्मपालांनी मान हलवली. त्यातून हो की नाही, कोणालाच कळलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ते वाक्य महाराष्ट्रभर झालं. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत पोरं एकमेकांना अंधारात गाठून 'जेवला काय रे बापू' म्हणू लागली आणि आया त्यांना रपाटे घालू लागल्या. मुंबईच्या परीक्षकांनी दुसऱ्या पर्वातल्या मौनाच्या वापराबद्दल, वेशभूषेमागच्या अभ्यासाबद्दल दोन-दोन रकाने लिहिले. सर्वोत्कृष्ट रंगभूषेचं पारितोषिकही मालिकेला मिळालं. रंगभूषाकारानं ते घेताना मेहनतीचं चीज झालं असं सांगितलं. आणि हसलं खरंच कोणी नाही. अनुपनं शब्द पाळला होता.

आता बुधवार उजाडला तरी धर्मपालांच्या टेबलावर दोन लेख पडून होते. पहिल्यात संयत दिग्दर्शन वगैरे होतं. तो त्यांनी एका बैठकीत लिहिला, कारण त्यात त्यांचं असं काही नव्हतं. दुसरा लेख खरा होता. दुसरं पर्व सरस ठरलं, कारण मालिकेला उपाशी माणसं आयती मिळाली आणि ती शॉट संपेपर्यंत उपाशी ठेवली गेली, असं त्यात लिहिलं होतं. शेवटचं वाक्य तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं की वाचताना डोळे भरून येत: 'पोटात कण नसताना दारी आलेल्याला जेवलास का विचारायची वऱ्हाडी माणसाची ही भोळी सवय, मुंबईनं ती भुताची भाषा म्हणून विकली.'

पण हा लेख छापून आला, की वस्तीतलं कोणीतरी तो माणिकबाईला वाचून दाखवणार. आणि माणिकबाई तर गिरणीवर, नळावर, लग्नाच्या मांडवात आपण काम कसं केलं ते दाखवत फिरत होती. तिला निवडलं ते कामासाठी नव्हे, गालफडांसाठी, हे तिनं आता पेपरातून ऐकायचं? खोटं लिहावं तर आपण उरलो कशाला, आणि खरं लिहावं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

ते उस्मानच्या दुकानात गेले आणि त्याला लेख वाचून दाखवला. उस्माननं मशीन थांबवून ऐकलं.

"लिखा तो अच्छा है, चाचा. रोना आ जाए ऐसा." मग सुईत दोरा ओवत तो म्हणाला, "लेकिन जिस पे लिखा, उसको सुनाया?"

माणिकबाई दारात बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. धर्मपालांनी उभ्या-उभ्याच वाचलं, फार भरभर, मान वर न करता. वाचून झालं तरी तिची बोटं डाळीत फिरत होती.

"सवय?" ती म्हणाली.

"म्हणजे... नाही का?"

"भाऊ, त्या हिरो पोट्ट्यानं आमच्यासमोर दोन ताटं हानली. त्यानं पापड मोडला त्याचा आवाज आमाले आयकू आला. अन मंग तोंड पुसत-पुसत येऊन इचारते, काय पायजे तुमाले. दोन घंटे मी तेच ठरवून राहिली होती, का याले काय म्हनाव. शिवी देली असती त त्याईनं थे कापून टाकलं असतं. म्हनून गोड बोलली."

"पण तो आवाज..."

"थो माह्या सासूचा. सकायपासून मले उपाशी ठिवे अन संध्याकाळी अशीच मान वाकडी करून इचारे, जेवली काय वं? गाव कापे तिले." माणिकबाईनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "असं करता उगाच येते काय? तुमी म्हनता भोळी सवय!"

धर्मपाल कागद घडी करू लागले.

"अन मेकअप वाचला म्हने. मी काय बयरी हाय? तीस जनाईनं आयकलं. तुमीबी आयकलं ना?"

"ऐकलं."

"मंग बोलले काहून नाई?"

धर्मपालांनी घडी केलेला कागद पुन्हा उलगडला.

"त्यानं आमाले उपाशी ठिवलं," माणिकबाई म्हणाली, "अन तुमी आमाले बिचारं करून राहिले. त्याच्यात तुमचं अक्षर तेवढं चांगलं."

धर्मपाल ओट्यावर बसले. खिशातून पेन काढलं आणि लेखाच्या कोऱ्या बाजूवर धरलं. "सांगा," ते म्हणाले.

"लिहा. दुसरं पर्व चांगलं झालं, काहून का त्याच्यात माणिकबाईनं काम केलं. पयल्यातल्या भुताईले काही येत नोतं. त्याईचं पोट भरेल होतं, हे खरं, पन थे काही कारन नोय. जेवल्यावरबी मी असंच काम केलं असतं. लिहिलं?"

"लिहिलं." 'काहून का' खोडून 'कारण' करायला हात शिवशिवत होता. त्यांनी तो आवरला.

"तिसऱ्या पर्वात जेवन आधी. अन मले बोलाले पायजे. नुसतं उभं राहाले दुसरी पाहा म्हना."

तिचं सांगून झालं. धर्मपालांनी खाली आपल्या हातचं एक वाक्य घातलं आणि चाचरत वाचून दाखवलं. "जेवण शॉटनंतर द्या, असं दिग्दर्शक म्हणाला ते मी ऐकलं, आणि गप्प राहिलो."

"हे ठिवा," माणिकबाई म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

शंभर शब्दही भरले नव्हते. खुशालराव हे वाक्य आधी कापतील, मग 'काहून का' दुरुस्त करतील आणि उरलेल्या जागी बियाण्यांची जाहिरात लावतील, हे धर्मपालांना दिसत होतं. लेख कंडक्टरच्या हाती देऊन पाठवायचा त्यांचा बेत होता. स्टँडवर मूर्तिजापूरमार्गे जाणारी अकोला गाडी उभीच होती. कंडक्टरनं पाकिटासाठी हात पुढे केला. धर्मपालांनी पाकीट शर्टाच्या आत सारलं, गाडीत चढले आणि एक अकोला मागितलं, पण इतक्या हळू, की कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं.