फक्कीचा गाडा नावं सांगत नाही

आधी एक सांगा, तुम्हाला इथे कोणी पाठवलं? कोणी पाठवलं नसेल तर बसा त्या पोत्यावर. दार मात्र उघडं राहू द्या, म्हणजे बाहेर कोण उभं आहे ते मला दिसेल. मी एक जुना फक्कीचा गाडा आहे. मैदानावर चुन्याच्या भुकटीने पांढऱ्या रेघा मारणं हे माझं काम होतं. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यांना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो. तुम्ही खरोखर मित्र आहात की नाही, ते गोष्ट संपल्यावर बघू.

तर मित्रांनो, माझा जन्म लांब अमेरिकेच्या उत्तरेकडे, ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचं पोट, चार चाकं, एक लांब दांडा आणि पोटाखाली एक फट. दांड्यावरची कळ दाबली की फटीतून फक्की पडते, एवढीच माझी विद्या. मला खोक्यात घालून जॉर्जियातल्या मार्बल फोर्क गावच्या शाळेत धाडलं. खोकं फोडणाऱ्या माणसाने मला उलटा केला, चारही चाकं फिरवून पाहिली आणि तो म्हणाला, “एक चाक ओढतंय याचं. लक्ष ठेवावं लागणार.” आल्या आल्या माझ्यावर लक्ष! मग मीही त्याच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं. माझा स्वभाव संशयी झाला तो तिथपासून.

त्या माणसाचं नाव थॅडियस पूल. मैदानाची सगळी देखरेख त्यांच्याकडे. गोरे असोत की काळे, गावातले सगळे त्यांना मिस्टर थॅड म्हणत. ते स्वतः काळे होते आणि त्यांचे वडील याच मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे राहून सामने बघत, कारण तेव्हा काळ्यांना आत सोडत नसत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी विषय काढला नाही, म्हणून मला तेही संशयास्पद वाटलं. एवढं मोठं दुःख माणूस एकदाच कसं सांगतो?

एकतीस वर्षं आम्ही दोघांनी रेघा मारल्या. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, मग मिस्टर थॅड दांडा धरून चालू लागत. ते माझ्याकडे कधीच बघत नसत. “चाकाकडे बघून चाललं की रेघ वाकडी जाते,” ते म्हणत, “नजर लांबच्या खुंटीवर पाहिजे.” त्यांची रेघ तसूभर हलत नसे. शेजारच्या गावांचे लोक येऊन वाकून बघत आणि कौतुक करत. कौतुक अर्थात त्यांचंच होई. गाड्याला कोण विचारतो!

शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉलचा, म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका मारायच्या आमच्याकडच्या खेळाचा, सामना असला की अख्खं गाव उकडलेल्या शेंगांच्या पिशव्या घेऊन मैदानावर येई. सामन्याआधी राष्ट्रगीत. आमची पोरं कडेच्या रेघेला बुटांची टोकं लावून उभी राहत, तीही आपापल्या नंबराच्या क्रमाने. ही एका जुन्या प्रशिक्षकाने घालून दिलेली पद्धत होती. दुसरी पद्धत पोरांची स्वतःची. राष्ट्रगीताआधी मिस्टर थॅडच्या रेघेवर पाय पडला तर सामना हरतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे मैदानात जायचं तर सगळी रेघेवरून उडी मारून जात. सहा-सहा फुटांचे ते दांडगे रेघ ओलांडताना टुणकन उडी मारत आणि आम्हाला मनातून बरं वाटे.

मग त्या वर्षी ऑगस्टमध्ये क्विन्सी गेला. क्विन्सी म्हणजे शाळेचा जुना खेळाडू, नंबर बावीस. शाळा संपल्यावर टायरच्या दुकानात कामाला होता. गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून एका गोऱ्या पोलिसाने त्याला रस्त्यात अडवलं. क्विन्सी परवाना काढायला वाकला आणि पोलिसाने गोळी झाडली. सहा आठवड्यांत तो पोलीस कामावर परत आला.

क्विन्सीचा मावसभाऊ मॅलाकाय तेव्हा आमच्या संघात होता. नंबर चव्वेचाळीस, शेवटचं वर्ष. एका मोठ्या कॉलेजाने त्याला फुकट शिकवायचं कबूल केलं होतं, अट एकच, हंगाम पुरा खेळायचा. पोलीस कामावर परतला त्या शुक्रवारी राष्ट्रगीत सुरू झालं आणि मॅलाकायने निषेध म्हणून एक गुडघा खाली टेकला. शेजारी सगळे उभे आणि मध्ये हा एकटा खाली. लोकांनी हुर्यो केली. सरबताचा एक भरलेला पेला त्याच्या पाठीवर येऊन फुटला. तो हलला नाही.

सोमवारी शाळेने नियम काढला. राष्ट्रगीताला जो उभा राहणार नाही, तो संघाबाहेर.

त्या दुपारी मॅलाकाय इथे, या शेडमध्ये आला. तुम्ही बसला आहात त्याच पोत्यावर बसला.

“उभा राहा बाळा,” मिस्टर थॅड म्हणाले. “दोन मिनिटांचं तर गाणं आहे.”

“तुम्ही आयुष्यभर उभेच राहिलात ना? काय मिळालं?”

“नोकरी मिळाली. आणि आठ महिन्यांनी पेन्शन मिळेल.”

“मग सांभाळा तुमची पेन्शन.”

“तुझी आई मला विचारेल, तुझ्यावर लक्ष होतं का म्हणून.”

“तिला सांगा, पोरगं ऐकत नाही.”

“ते तिला माहीत आहे.” मिस्टर थॅड थोडं हसले. मॅलाकाय हसला नाही. दार आपटून गेला.

पेन्शन हा शब्द माझ्या कानात अडकला. पेन्शनीला आलेला माणूस काय वाटेल ते करतो, असं मी ऐकून होतो.

पुढच्या सामन्याला पोरांनी युक्ती केली. मागच्या रांगेतली धिप्पाड पोरं पुढच्यांना खेटून उभी राहिली, म्हणजे प्रेक्षकांना पाठींची नुसती भिंत दिसावी. पुढे कोण उभं आहे आणि कोण गुडघ्यावर, कळायला मार्ग नाही. समोरच्या पाहुण्यांना एवढ्या लांबून नंबर दिसत नव्हते. आणि खेळप्रमुख रेनफ्रो साहेब तर झेंड्याच्या खांबाखाली टोपी छातीशी धरून उभे. राष्ट्रगीत चालू असताना नजर झेंड्यावरून हलवायची नाही, हा त्यांचाच नियम. स्वतःचा नियम मोडल्याशिवाय त्यांना चोर पकडता येईना. मला फार हसू आलं.

पण साहेब काही कच्चे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आले. हातात एक कागद होता.

“थॅड, तुझ्या रेघेवर गुडघ्याचे ठसे उठलेत. पाहिलेस?”

“पाहिले, सर.”

“राष्ट्रगीत संपलं की नाणेफेक होते, तेवढा वेळ रेघ मोकळी असते. पुढच्या शुक्रवारी मी ती चालत बघणार. तू बरोबर राहायचं. पोरं नंबराने उभी राहतात, म्हणजे ठसा तिथे नाव. नुसतं कोणी म्हणालं म्हणून काढता येत नाही, मला पुरावा पाहिजे. कोण कुठे उभं राहतं ते नीट मापून या कागदावर लिहून ठेव.”

“लिहितो, सर.”

“तुझे आठ महिने नीट जाऊ देत म्हणजे झालं.”

मिस्टर थॅडनी कागद चार घड्या करून खिशात घातला. झालं, मी म्हटलं. एकतीस वर्षं ज्याच्या हातात दांडा दिला तो आपल्याच पोरांना विकणार.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. सोमवारी त्यांनी दोरीने रेघ मापली. बुधवारी सरावाला पोरांना बोलावून विचारलं, “तू कुठे उभा राहतोस रे? आणि तू? जरा पाय लावून दाखव.” पोरं भाबडी, दाखवत होती. मॅलाकायने तेवढं डोळे बारीक करून विचारलं, “कशाला हवंय?”

“म्हातारपणी नाद लागलाय,” मिस्टर थॅड म्हणाले आणि त्याच्याही बुटाच्या जागी खूण केली. मॅलाकाय जमिनीवर थुंकला आणि गेला. मला त्याची बाजू पटली. मला दोन हात असते तर मीही दार आपटलं असतं.

मग मी ठरवलं, हे पाप माझ्या फक्कीने होणार नाही. शुक्रवारी दुपारी मिस्टर थॅडनी माझ्या पोटात पोतं ओतलं आणि मी फट धरून ठेवली. ओलसर गोळा मध्ये अडकवून बसलो. कळ दाबली तरी कणभर पडू देईना. रेघच नाही तर ठसा कुठला? मिस्टर थॅडनी मला आडवा केला, तार घातली, पुन्हा घातली. मग ते जमिनीवर बसले आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, “आज नको रे बाबा. आज एवढं काम कर.”

त्या आवाजात काय होतं कोण जाणे. गोळा सुटला आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

त्यांनी रेघ मारली आणि तिच्यावरून दुसऱ्यांदा मारली. इतकी जाड रेघ आम्ही कधी मारली नव्हती. आता माझी खात्रीच पटली. जितकी जाड फक्की तितका ठसा स्वच्छ. बरोबर आहे म्हटलं, साहेबांचं काम चोख व्हायला पाहिजे ना!

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मिस्टर थॅडनी खिशातून तो कागद काढला. मला रेघेच्या कडेला, दोन नंबरच्या खुणेपाशी उभं केलं. दांडा दोन्ही हातांनी धरला. उजवा गुडघा त्यांचा मुळात अधू, जिना चढतानाही तोंड वाकडं होई. तोच गुडघा त्यांनी हळूहळू खाली नेला आणि रेघेवर टेकवला.

मग दांड्यावर सगळा भार टाकून उठले. मला चार पावलं पुढे ढकललं. कागद पाहिला. पुन्हा खाली.

तिसऱ्या खुणेपर्यंत मला काहीच कळलं नाही. पाचव्या खुणेला कळलं. पुढच्या रांगेत सव्वीस पोरं होती. त्या माणसाने सव्वीस वेळा गुडघा टेकला. दहाव्यानंतर त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. बावीस नंबरला ते खाली गेले ते लवकर उठेनात. तो क्विन्सीचा जुना नंबर. तिथे ते काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. चव्वेचाळीसपाशी त्यांनी दांड्यावर एवढा भार टाकला की माझी चाकं सरकू लागली. माझं ते ओढणारं चाक मी जन्मात पहिल्यांदा घट्ट रोखून धरलं.

संध्याकाळी लांबून रेघ पांढरीच दिसत होती. पोरं आली, त्यांनी खाली पाहिलं. प्रत्येकाच्या पायाशी एक ठसा. मॅलाकायने मान वर करून मिस्टर थॅडना शोधलं. ते रेघेच्या टोकाला माझ्या दांड्याला धरून उभे होते आणि झेंड्याकडे बघत होते. उभे होते, नियमाप्रमाणे. गाणं वाजलं. पाठींची भिंत झाली. भिंतीपुढे कोण खाली गेलं, कोण नाही, ते मी पाहिलं.

नाणेफेकीला साहेब रेघेवरून चालत आले. दोन नंबरला ठसा. पाचला ठसा. नऊला ठसा. बाराला ते थबकले.

“बारा माझा पोरगा आहे,” ते म्हणाले.

“हो, सर. गुणी पोर आहे.”

“त्याच्यासमोर ठसा कसा?”

“ठसा तिथे नाव, असं आपणच म्हणाला होतात, सर.”

साहेब उरलेली रेघ भरभर चालले. सव्वीसच्या सव्वीस. मग वळून त्यांनी मिस्टर थॅडच्या पँटीकडे पाहिलं. उजवा गुडघा पांढराफटक होता.

“हे काय आहे, थॅड?”

“फक्की आहे, सर. माझं कामच ते.”

आता सगळ्यांना काढायचं की कोणालाच नाही? सगळ्यांत घरचा पोरगा आला. साहेबांनी कागद मागितला, मिस्टर थॅडनी दिला, साहेबांनी तो चुरगाळला. त्या दिवशी आमचा संघ सपाटून हरला. रेघेला आधी कोणाचा तरी स्पर्श झाला होता ना, पोरं तरी काय करणार. पण संघाबाहेर कोणी गेलं नाही. मॅलाकाय हंगाम पुरा खेळला आणि कॉलेजात गेला.

मिस्टर थॅडचे आठ महिने मात्र नीट गेले नाहीत. पंधरा दिवसांत शाळेने रंग फवारणारं नवं यंत्र आणलं. रंगावर ठसा उठत नाही. ते चालवायला माणूसही नवा आणला. मिस्टर थॅडना घरी पाठवलं आणि मला इथे, या कोपऱ्यात. तेव्हापासून माझ्या पोटात कोळी राहतो. मी त्याच्यावरही लक्ष ठेवून आहे.

मिस्टर थॅड अजून सामन्याला येतात. दाराच्या फटीतून मला दिसतात. त्या दुपारनंतर त्यांचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. आता राष्ट्रगीत वाजतं तेव्हा सगळं गाव उभं राहतं आणि ते खुर्चीत बसलेले असतात. लोक एकमेकांना कोपर मारून विचारतात, म्हातारा मुद्दाम बसतो की गुडघ्यामुळे? ते कोणाला काही सांगत नाहीत. सुट्टीला मॅलाकाय आला की त्या खुर्चीशेजारी एक गुडघा टेकतो आणि गाणं संपल्यावर त्यांना हात देऊन उठवतो.

माझं एक मागणं आहे. मला तेल नको, रंग नको. त्या चांगल्या माणसाला मी आठवडाभर चोर समजलो आणि ऐन वेळी त्याच्या कामात आडवा आलो, ही गोष्ट मला खाते. तुम्ही त्यांच्या खुर्चीजवळून गेलात तर त्यांना सांगा, गाड्याने फट मुद्दाम धरली होती आणि गाड्याला त्याची लाज वाटते.

आणि त्या संध्याकाळी खरोखर कोणाकोणाचा गुडघा टेकला होता, त्यात बारा नंबर होता की नव्हता, हे विचारायला तुम्हाला कोणी पाठवलं असेल, तर त्याला सांगा की गाडा जुना झाला, त्याला आठवत नाही. मला सगळं आठवतं, मित्रांनो. जाताना दार लोटून घ्या.