जाऊ दे म्हणणारी

लॉन्ड्री बंद होणार हे कळलं तेव्हा थोरली आधी हसली. मालकाने पुढच्या दारावर नोटीस चिकटवली आणि स्वतः मागच्या दाराने पसार झाला, याचंच तिला हसू आलं. धाकटीने मात्र नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली. घरी नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, मुलगी अजून शिकत होती, आणि घर चालत होतं ते तिच्या एकटीच्या हातांवर.

या दोघी नात्यातल्या नव्हत्या. लॉन्ड्रीतल्या लोकांनी त्यांना ‘जावा’ असं नाव ठेवलं होतं, कारण दिवसभर एकमेकींशी कटकट करायच्या आणि एकीवाचून दुसरीचं पान हलायचं नाही. वयाने मोठी ती थोरली, दुसरी धाकटी. चौदा वर्षं दोघींनी एकाच यंत्रावर काढली. मोठी चादर गरम रोलरखाली सरकवायची तर दोघी लागतात, एकीने डावी कड धरायची, दुसरीने उजवी. म्हणून तिथे माणसं मोजतच नसत, जोड्या मोजत. रजिस्टरमध्ये जोडीचा नंबर, शाबासकी जोडीला, बोलणीही जोडीला. नेमकं कोणाच्या हातून काय झालं हे विचारायची रीतच नव्हती, आणि विचारलं असतं तर या दोघींनी विचारणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

पुढे कळलं की एका मोठ्या हॉस्पिटलला आपल्या धुलाई विभागावर देखरेख करायला बाई हवी आहे. जागा एकच होती. दोघींनी अर्ज केला, दोघींना एकाच दिवशी मुलाखतीला बोलावणं आलं. थोरली म्हणाली, जी आत शिरेल तिने दुसरीला मागून ओढून घ्यायचं, हाय काय नि नाय काय. थोरलीची गरज काही कमी नव्हती. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राहत होती, आणि भावजय तोंडाने वाईट बोलत नसली तरी भांडी मोठ्याने ठेवायची. पगार येत होता तोवर त्या आवाजाकडे दुर्लक्ष करता येत होतं.

मग दुपारच्या वेळी धाकटीच्या स्वयंपाकघरात तयारी सुरू झाली. मुलगी टेबलापलीकडे बसून साहेब व्हायची आणि ह्या दोघी समोर स्टुलांवर अवघडून बसायच्या. मुलगी कडक होती. हातांशी चाळा नको, प्रश्न संपायच्या आधी उत्तर नको, आणि छताकडे बघायचं नाही, छतावर काही लिहिलेलं नसतं. थोरली साहेबाला ‘बाळा’ म्हणायची, तेव्हा साहेबालाच हसू फुटायचं. आतल्या खोलीतून नवरा पडल्या पडल्या मार्क द्यायचा आणि थोरलीला नेहमी दोन मार्क जास्त द्यायचा.

कामातलं सगळं थोरलीला पाठ होतं. रक्ताचा डाग थंड पाण्यात आधी, गरम पाणी लागलं की तो कायमचा बसतो. ऑपरेशनचे कपडे वेगळे, वॉर्डातले वेगळे. ती हे सगळं धाकटीकडून घोकून घ्यायची. आपल्याच जागेवर बसू पाहणाऱ्या बाईला आपणच शिकवतोय, हे तिच्या डोक्यात तरी आलं असेल का? आलं असेल. थोरली भोळी होती, मूर्ख नव्हती.

शेवटचा प्रश्न मुलीने कुठेतरी वाचला होता. कामात अडचण आली तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत, एखादा प्रसंग सांगा. मग थोरलीने सुईची गोष्ट सांगितली.

एकदा हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग रोलरवर चढत होता. गाडी दारात उभी, मालक डोक्यावर. चादर सरकवताना थोरलीच्या बोटांना दुमडीत काहीतरी कडक लागलं. तिने लाल बटण दाबून यंत्र बंद केलं. दुमडीत मोडकी सुई होती. मालक तोंड सुटेल तसं बोलला, तरी ती हलली नाही. आख्खा ढीग तिने पुन्हा उलगडायला लावला आणि त्यात आणखी तीन सुया निघाल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्या दिवशी ती स्वतः त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन कुठल्या वॉर्डात कपडे नीट झटकत नाहीत ते सांगून आली.

“मावशी, हीच सांगायची,” मुलगी म्हणाली. “दुसरं काही बोलूच नका.”

उजव्या कडेला त्या दिवशी धाकटी होती. सुई लागली तेव्हा ती म्हणाली होती, “जाऊ दे गं, गाडी थांबलीय.” हे वाक्य थोरलीने सांगताना गाळलं. धाकटीच्या ते लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं.

धाकटीसाठी बरंच खणून एक प्रसंग काढला. धुतलेल्या आणि मळक्या कपड्यांच्या ढकलगाड्या सारख्याच दिसत, अदलाबदल होई, म्हणून तिने मळक्या गाडीला लाल चिंधी बांधायला सुरुवात केली होती. प्रसंग चांगला होता, पण चिंधीएवढाच होता.

मुलाखतीच्या दिवशी दोघी एका लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या. आधी धाकटीचा नंबर लागला. आत तिघं होते, म्हाताऱ्या मेट्रनबाई, चष्म्याचे एक साहेब आणि कागदावर सतत काहीतरी लिहिणारी एक तरुण मुलगी. सुरुवात झकास झाली. डाग, पाणी, वेगवेगळे ढीग, सगळं तोंडून भराभर आलं. तिने छताकडे बघितलं नाही. मग चष्म्याच्या साहेबांनी तो प्रश्न विचारला आणि तिने चिंधीची गोष्ट सांगितली. ती इतक्या लवकर संपली की तिची तिलाच लाज वाटली.

“बरं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “आणखी काही?”

त्या ‘बरं’ने तिच्या पायाखालची जमीन सरकली. नवऱ्याची खोली डोळ्यांसमोर आली, मुलीची पुस्तकं आली, आणि तोंडाने आपोआप सुईची गोष्ट सुरू केली. ती तिथे होतीच ना, तिला सगळं दिसत होतं. लाल बटण दिसत होतं, मालकाचं तोंड दिसत होतं. बटण दाबणारा हात तिने आपला केला, आणि एवढ्यावरही भागलं नाही. गोष्टीत कोणीतरी अडवणारं हवं होतं, म्हणून ती म्हणाली, “माझी जोडीदारीण म्हणत होती, जाऊ दे, गाडी थांबलीय. पण मी ऐकलं नाही.” मेट्रनबाईंनी हातातला कप खाली ठेवला. लिहिणारी मुलगी पहिल्यांदाच लिहायची थांबली.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. थोरलीच्या नावाचा पुकारा व्हायला थोडा वेळ होता. फार नाही, पण एक वाक्य सांगायला पुरेसा होता. सुईची सांगू नकोस, मी सांगून बसलेय. एवढंच म्हणायचं होतं. मग थोरलीने आणखी काही सांगितलं असतं, चौदा वर्षांत तिच्याकडे काय एकच गोष्ट होती?

थोरली उठली, कपडे सारखे केले आणि तिच्या अगदी जवळ येऊन थांबली.

“काय विचारलं गं? वेगळं काही?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “नेहमीचंच.”

थोरली आत गेली. ती लवकरच बाहेर आली. बसस्टॉपपर्यंत दोघी चालत गेल्या. मेट्रनबाईंच्या कपाचा कान तुटलेला होता, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला नवा कप जड आहे वाटतं, एवढंच थोरली बोलली.

दहा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं ते धाकटीला. मुलीने ते दोनदा मोठ्याने वाचलं, नवरा भिंतीला धरून दारापर्यंत चालत आला. थोरलीकडून निरोप आला, खूप बरं झालं. ती स्वतः आली नाही. धाकटीने मनाला समजावलं की तिला वेळ नसेल. मन समजलं नाही, ते समजणारही नव्हतं.

पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी तिला सगळा विभाग फिरून दाखवला. नवी यंत्रं होती, भिंतीला स्वच्छ टाइल्स होत्या, हाताखाली अकरा बायका होत्या. बाई प्रत्येकीला सांगत होत्या, ह्यांनी चालू यंत्र बंद केलं होतं बरं का, मालकाला जुमानलं नाही. मग ऑफिसात सही घेताना त्या सहज म्हणाल्या, “तुमच्या जोडीदारणीचंही कौतुक वाटलं मला. कामातली जाण तुमच्यापेक्षा काकणभर जास्तच. पण मी त्यांना सरळ विचारलं, सुई लागली तेव्हा जाऊ दे म्हणणाऱ्या त्या तुम्हीच का? तर हो म्हणाल्या. खोटं नाही बोलल्या. पण हॉस्पिटलमध्ये असं माणूस नेमता येत नाही हो.”

धाकटीच्या हातात पेन होतं. आत्ता बोलायचं, तिने ठरवलं. तोंड उघडलंही. मेट्रनबाई वाट बघत होत्या. धाकटीने विचारलं, “सही इथे का?”

काम सुटल्यावर ती घरी न जाता थेट थोरलीच्या भावाच्या घरी गेली. दार भावजयीने उघडलं, मग थोरली बाहेर येऊन जिन्यात उभी राहिली. हात ओले होते. आत कोणीतरी भांडी मोठ्याने ठेवत होतं.

“का गं हो म्हणालीस?” धाकटीने विचारलं. “मी होते ती. तुला माहितीये, मी म्हटलं होतं जाऊ दे.”

“माहितीये की.” थोरली हात पुसत राहिली. “त्यांनी विचारलं तेव्हाच कळलं, तू काय सांगून आलीस ते. नाही म्हटलं असतं तर दोघींतलं कोणीतरी खोटं ठरलं असतं. त्यांनी दोघींनाही घरी पाठवलं असतं. तुझ्या घरी माणूस आजारी आहे.”

“मी उद्या जाऊन सांगते त्यांना.”

“नाही सांगणार तू,” थोरली म्हणाली. त्यात राग नव्हता, चौदा वर्षांची ओळख होती. “आणि सांगूही नकोस आता. ते सोड. पण आत जायच्या आधी मी तुला विचारलं होतं. तुझं तोंड बघूनच विचारलं होतं.”

धाकटीला रडू आलं. थोरलीने तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. मग म्हणाली, “जा आता. उद्या तुला कामावर जायचंय.”

तिने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर धाकटीला उद्या पुन्हा यायचा धीर झाला असता.