दारियाचं पातेलं

बायको दारिया गेल्यापासून बिस्किट ओरेस्टच्या जवळ येईना. बारा वर्षं घरात वाढलेला कुत्रा, पण म्हाताऱ्याने हात पुढे केला की शेपूट पायात घालून सोफ्याखाली! ऑक्टोबरात दारियाला पुरलं, आता डिसेंबर सरत आला होता. शेवटी ओरेस्ट शेजारच्या फिलिसला म्हणाला, "घेऊन जा बाई त्याला. माझ्याकडे झुरून मरेल."

फिलिस तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. उणे तेहतीसच्या थंडीत पट्टा घेऊन ती आली, तसा बिस्किट तिच्या पायाशी जाऊन बसला. निदान निरोपाचा हात फिरवावा म्हणून ओरेस्ट लोकरी सपाता गालिच्यावरून फरफटत आला आणि वाकला. बोट नाकाजवळ जाताच टक्‌ झालं. बिस्किट केकाटून मागे सरला.

"बघितलंस? माझा हातसुद्धा नको त्याला."

"अरे, ठिणगी उडाली! तू शॉक देतोयस त्याला."

ओरेस्टला राग आला. त्याची सगळी हयात वायरमनकीत गेली होती. "माझ्या घरात शॉक? एकेक बोर्ड तपासलाय मी! वीज बॅटरीतून निघते, बल्बातून फिरते, परत बॅटरीत येते. मध्ये वायर तुटली की खेळ खलास. माझ्या अंगात कुठली बॅटरी बसवलीय?"

"ती फिरणारी वीज झाली. ही साठून राहणारी. लोकर नायलॉनच्या गालिच्यावर घासली की तुझ्या अंगावर विद्युतभार गोळा होतो आणि वाट मिळाली की उडी मारतो. तुला पहिलं भेटतं ते या बिचाऱ्याचं ओलं नाक. जा, चार पावलं चाल आणि दाराच्या मुठीला हात लाव."

ओरेस्ट गेला. टक्‌!

बोट चोळत तो म्हणाला, "पण गेल्या हिवाळ्यातही याच सपाता होत्या, हाच गालिचा होता."

"हवेत ओल असली की भार टिकत नाही." फिलिसने चुलीकडे पाहिलं. "दारियाचं पातेलं कुठाय?"

ओरेस्टची नजर तळघराच्या दाराकडे गेली. थंडी पडली की दारिया लाकडाच्या चुलीवर निळं पातेलं पाण्याने भरून ठेवायची. दिवसभर वाफ निघायची. "चुलीला चहा पाजतेस का गं?" असं तो दरवर्षी चिडवायचा. ती गेल्यावर ते पातेलं नजरेसमोर नको म्हणून त्यानेच ते तळघरात ठेवलं होतं.

फिलिसने पट्टा खुंटीला अडकवला. "हा इथेच राहू दे. फिरायला न्यायला लागेल तुला," म्हणाली आणि गेली.

पातेलं चुलीवर चढलं. तीन दिवस बिस्किट लांबूनच बघत होता. ओरेस्टनेही हात पुढे केला नाही. चौथ्या दुपारी तो अनवाणी आला, आधी मुठीला हात लावला, मग जमिनीवर बसून तळहात उघडा ठेवला. बिस्किट थांबत थांबत आला. त्याने हात हुंगला, मान आखडून टक्‌ची वाट पाहिली. काहीच झालं नाही. मग त्याने आपलं ओलं नाक त्या तळहातात खुपसलं.

ओरेस्टला रडू फुटलं, ऑक्टोबरापासून पहिल्यांदाच. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. पातेल्यातलं पाणी आटत आलेलं दिसलं, तेव्हा मात्र तो उठला.

"पाजतो गं चुलीला चहा," तो म्हणाला, आणि बिस्किट त्याच्या पाठोपाठ नळापर्यंत गेला.